दार लावण्याचा सीन

आमच्या गावात पिच्चर काढायला माणसं आली तेव्हा सोयाबीन घरात येऊन पडलं होतं आणि लोक मोकळेच होते. गाव शेलूबाजारहून जीपने वीस मिनिटांवर. मी घरी ब्लाऊज शिवते. मशीन दाराजवळच आहे, म्हणून गल्लीत कोण आलं-गेलं ते मला आधी कळतं.

दिग्दर्शक पंचविशीतली मुलगी होती. तिने सगळ्यांना जमवून गोष्ट सांगितली. एका गावात एकामागून एक खून होतात, करणारा सापडत नाही, आणि शेजारी शेजाऱ्याला भ्यायला लागतो. "तुम्ही फक्त घाबरायचं," ती म्हणाली. लोक हसायलाच लागले. कॅमेरा सुरू झाला की कोणी डोळे वटारी, कोणी छातीवर हात ठेवी.

मला एकच काम होतं. अनोळखी माणूस रस्त्याने येतो, तेव्हा दार लावून घ्यायचं. मी धाडकन लावलं. तिने मान हलवली. चारदा लावलं, चारदा ती नाही म्हणाली. मग माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली.

"ताई, तुम्ही खरंच कधी कोणाला घाबरून दार लावलंय?"

लावलं होतं. तीनेक वर्षांपूर्वी मोबाईलवर पोरं पळवणाऱ्यांचे मेसेज फिरत होते. आमच्या गावातलं एकही पोर गेलं नव्हतं, पण शेजारच्या गावातलं गेलं हे प्रत्येकाला पक्कं माहीत होतं. अशात भर दुपारी एक गॅसची शेगडी दुरुस्त करणारा सायकलवर आला आणि त्याने माझ्या दारात पाणी मागितलं. मी आधी दोरीवरचा पोरीचा फ्रॉक काढला. मग दार लोटलं, अगदी हळू, कडी वाजू नये म्हणून मध्ये बोट धरून. ओरडले नाही. पण मला दार लावताना गल्लीतल्या कोणीतरी पाहिलं, आणि तेवढं पुरलं. बघता बघता त्याच्याभोवती गर्दी झाली. एकाने त्याची कॉलर धरली. मी फटीतून पाहत होते.

समोरची काकू गर्दीत घुसली. दरवर्षी ऊसतोडीला जाणारी बाई, तिचा आवाज साऱ्या गावाला माहीत. तिने त्या माणसाला हाताला धरून आपल्या बाजेवर बसवलं आणि चुलीवर चहा ठेवला.

"आधी चहा पिऊ द्या त्याले," ती म्हणाली. "मंग काय करायचं ते करा."

चहा होईपर्यंत पोलीस पाटलांनी फोनाफोनी केली. माणूस रिसोडचा निघाला, वर्षानुवर्षं हाच धंदा करणारा. लोक पांगले. माफी कोणी मागितली नाही. मीही नाही.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "तसंच लावा." मी दोरीवर फ्रॉक टाकला, तो काढला, आणि दार लावलं. या वेळी कोणी हसलं नाही.

ती माणसं गेली, पण माझ्या डोक्यात एक गोष्ट राहिली. माझी भीती तर कॅमेऱ्यात गेली. त्या माणसाला बाजेवर बसून काय वाटलं असेल? नवरा म्हणाला, "आता कायले उकरून राह्यली ते?" पण मला राहवेना. माझं माहेर रिसोडचं. दिवाळीनंतर गेले तेव्हा घरच्या शेगडीचा बर्नर पिशवीत घातला आणि बाजारात विचारत विचारत निघाले. तो एसटी स्टँडजवळ ताडपत्रीखाली बसलेला सापडला.

बर्नर त्याच्या हातात देऊन मी गावाचं नाव सांगितलं. त्याचा हात थांबला.

"पहिलं दार मी लावलं होतं," मी म्हणाले.

"तुमी एकटीनं नाही लावलं, बाई."

"लोक मारतील म्हणून भेव वाटलं?"

"माराचं एवढं नाही. पोट्टे फोटो काढून राह्यले होते ना. तो फोटो फिरत फिरत माह्या पोरीच्या सासरी गेला तं? म्हून मी कपातून तोंडच वर काढलं नाही."

ते मी फटीतून पाहिलं होतं. चोर आहे म्हणूनच तोंड लपवतो, असं तेव्हा मला वाटलं होतं.

"गेला का फोटो?"

"गेला. जावयाचा फोन आला, मामा हे काय हाय म्हणे. सगळं सांगतलं. भला माणूस, ऐकून घेतलं त्यानं. पण पोरगी दोन दिस जेवली नाही."

तो बर्नरची भोकं तारेने साफ करू लागला. चहा देणारी बाई कशी आहे, असं त्याने विचारलं. बरी आहे, ऊसतोडीला गेली आहे, असं मी सांगितलं. मग पिच्चरचीही गोष्ट सांगितली. ती त्याने नीट ऐकली.

"त्यात खून करणारा कोण निघते? बाहेरचा?"

"नाही. गावातलाच."

तो पहिल्यांदा हसला. "मंग पाहतो. आला की सांगजा," म्हणाला आणि त्याने आपला नंबर दिला.

पिच्चर अजून तयार व्हायचा आहे. मी अधूनमधून त्या मुलीला फोन करते.