डाव्या बाजूचा बॉक्स

स्टीरिओ मी माझ्या कमाईतून घेतला होता, हे आधीच सांगून टाकतो. धारवाडच्या एका निवृत्त साहेबांच्या ओट्यावर लागोपाठ काही रविवार जाऊन बसलो, त्यांचाच चहा प्यायलो आणि भाव उतरवला. तरी घराची वाटणी झाली तेव्हा तो वाटणीत धरला गेला. एकत्र राहत होतो, म्हणून सगळी मिळकत एकत्र. पंच म्हणून मामा बसले होते. आमच्यात जोडीची वस्तू एक-एक वाटतात. समया एक-एक, घागरी एक-एक. मामांनी स्पीकरचे सारखे दिसणारे दोन लाकडी बॉक्स पाहिले आणि एक मला दिला, एक थोरल्या भावाला, म्हणजे अण्णाला. कॅसेट वाजवायचं मशीन माझ्याकडे आलं, त्याच्या बदल्यात ग्राइंडर अण्णाकडे गेला. घरचे देव रीतीप्रमाणे थोरल्याकडे. मी आरडाओरडा केला. मामा म्हणाले, खोक्यासाठी कोणी भांडतं का.

अण्णा विद्यानगरला राहायला गेला, मी उणकलला. आई माझ्याकडे आली. मशीन आणि तो एकटा बॉक्स मी कपाटावर टाकला, कारण अर्धा स्टीरिओ नजरेला पडला की माझं डोकं फिरायचं.

यंदा आईनं कॅसेट मागितली. वडील भजनं म्हणायचे आणि आई पेटी वाजवायची. ते मीच एकदा भरून घेतलं होतं, एक माइक वडिलांपुढे, दुसरा पेटीपुढे ठेवून. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आईला आता ऐकूही कमी येतं. ती म्हणाली, "कान आहेत तोवर आम्हां दोघांना एकदा ऐकव."

मशीन खाली काढलं. कॅसेट फिरेना. उघडून पाहिलं तर आतला रबरी पट्टा वितळून त्याचं डांबर झालेलं. आमच्या गावातल्याच लॅमिंग्टन रोडवरून नवा आणला. कॅसेट फिरली, पण आवाज घोंगडीआडून आल्यासारखा. हेड स्पिरिटनं पुसलं. आवाज वाढवायला गेलं की खरखर व्हायची, म्हणून बटणाच्या मुळाशी स्प्रे मारला. शेवटी वाजू लागलं. पेटी स्वच्छ येत होती. वडील मात्र शेजारच्या घरात बसून गात असल्यासारखे. आईनं विचारलं, ह्यांना तेव्हा घशाचं काही झालं होतं का.

मी बॉक्सची वायर उजव्या जागेतून काढून डाव्या जागेत घातली. वडील खणखणीत आले आणि पेटी शेजारी गेली. म्हणजे मशीन चांगलं, कॅसेट चांगली, बॉक्सही चांगला. दोष वाटणीत होता.

मशीनला मोनोचं बटण आहे. ते दाबलं तर दोन्ही आवाज एकाच बॉक्समधून आले. मला वाटलं, काम झालं. आईनं जरा वेळ ऐकलं.

"मी ह्यांच्या डाव्या हाताला बसायचे, अंतर ठेवून," ती म्हणाली. "तू दोघांना एका पोत्यात भरलंयस."

पट्टा देणाऱ्या दुकानदारानं दुसरा बॉक्स घ्या म्हणून सुचवलं होतं. पण एकदा पैसे मोजून घेतलेली वस्तू मी पुन्हा घेत नसतो. विद्यानगरला गेलो.

वहिनींनी चहा दिला. बॉक्स कुठं आहे विचारल्यावर अण्णानं मला आतल्या खोलीत नेलं. बॉक्सवर देव्हारा होता. देव्हाऱ्यात आमचे सगळे देव, आणि बॉक्सच्या जाळीवर हळदीकुंकवाची बोटं.

"उंची बरोबर होती," अण्णा म्हणाला.

मी म्हटलं, देव पाटावर ठेव, बॉक्स मी नेतो. तो म्हणाला, मांडलेले देव असे उचलत नाहीत, भटजींना विचारावं लागेल, चांगला दिवस बघावा लागेल, चार माणसांना जेवायला घालावं लागेल. मी म्हटलं, जेवण मी घालतो, दिवस उद्याचा धर.

"हे तुझं भांड्यांचं दुकान नाही, बाबा. देवांचा भाव करू नकोस."

मी चिडलो. बॉक्स माझ्या पैशाचा आहे आणि तुझे देव त्यावर फुकट राहतायत, असं बोलून गेलो. वहिनींनी देवांपुढे हात जोडले, बहुधा माझ्या वतीनं. अण्णा चिडला नाही. तो म्हणाला, "बॉक्स हलणार नाही. मशीन हलतं. घेऊन ये. आईलाही घेऊन ये."

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, तिलाही राग यावा अशा बेतानं. ती उठली आणि पिशवीत लुगडी भरायला लागली. म्हणाली, आम्ही देवांसमोरच म्हणायचो की.

रिक्षात मशीन माझ्या मांडीवर, बॉक्स आमच्या दोघांमध्ये. अण्णानं देव्हाऱ्यामागे हात घालून वायर जोडली. माझा बॉक्स खिडकीशी ठेवला. आईला मधे खुर्ची दिली. वडील देवांच्या खालून आले, पेटी खिडकीकडून आली. आईची बोटं मांडीवर चालत होती. एका जागी ती म्हणाली, "इथं मी चुकले होते. ह्यांनी सांभाळून घेतलं." पुढं ऐकत राहिली.

एक बाजू संपल्यावर आई म्हणाली, दुसरी लाव, आणि मी चार दिवस इथंच राहीन म्हणते.

मी अण्णाला बाहेर बोलावून बजावलं की मशीन माझं आहे, इथं नुसतं ठेवलंय. खिडकीजवळचा बॉक्सही माझा, तोही नुसता ठेवलाय.

"आतु, आतु," अण्णा कानडीत म्हणाला, म्हणजे बरं, झालं. "सगळं तुझंच."

गिऱ्हाईक घासाघीस न करता कबूल झालं की मी आपला माल पुन्हा तपासतो. इथं तपासायला आत गेलो तर आईनं हातानंच गप्प बसायची खूण केली.

ते चार दिवस अजून चालू आहेत. दुकान बंद असेल त्या दिवशी मी विद्यानगरला जातो, मशीन बघायला. आई विचारते, जेवून आलास का. मशीनवर धूळ नसते, हे मला मान्य करावं लागतं.