काठावरचं जस्त

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी लोखंडी पट्टीवर जस्ताचा मुलामा चढवायचं ठरवलं, तेव्हा सरांनी एकच अट घातली. शनिवारपर्यंत एक तरी पट्टी सगळीकडं सारखी, गुळगुळीत करून दाखवायची. नाहीतर ग्रंथालयात बसून पुस्तकांवरून लिहायचा विषय घ्यायचा. मला ते नको होतं. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. पुस्तकातलं उतरवून काढणं आजवर पुष्कळ झालं होतं. एकदा स्वतःच्या हातानं काहीतरी करून बघायचं होतं.

कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात जस्त विरघळवायचं, त्यात पट्टी टांगायची आणि वीज सोडायची, एवढंच काम. पण माझी पट्टी बाहेर काढली की बघवत नसे. कडांना काळपट फुटवे, बोट लावलं की त्यांची भुकटी. मध्ये मात्र लोखंड तसंच उघडं. लॅबमधली माझी जोडीदारीण तुळजापूरची, तोंडानं फटकळ. पट्टी उजेडात धरून ती म्हणाली, "काठाला शेपू, मधी दुष्काळ."

सरांनी कारण समजावलं. वीज जास्त सोडली की पट्टीलगतच्या पाण्यातलं जस्त झटकन संपतं. मग जो कण जरा पुढं आलेला असतो त्याला लांबचं ताजं जस्त आधी मिळतं. तो वाढतो, आणि वाढला म्हणून त्यालाच आणखी मिळत जातं. मला ते अगदी पटलं. तरी दुसऱ्या दिवशी माझा हात आपोआप वीज वाढवतच गेला.

एवढी घाई कशाची, असं जोडीदारणीनं शेवटी विचारलंच. मी चाचरत म्हणाले, "लाईट जायच्या आत उरकायला पाहिजे ना." आमच्या बेंबळी गावाकडं शिवारात लाईट असते तेवढ्यात मोटार चालवून भिजवून घ्यायचं, ते लहानपणापासून अंगात मुरलेलं.

तिनं हातातली पट्टी खाली ठेवली. मग टेबलाखाली बोट दाखवून म्हणाली, "अगं बाई, लॅबला इन्व्हर्टर हाय. पहिल्या दिवसापासून त्याच्यावरच दप्तर ठेवतीस की तू."

हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

शनिवारी आम्ही पट्टीचे कोपरे घासून गोल केले, वीज कमी ठेवली. नुसतं थांबणं मला जमेना, म्हणून तिनं पाणी ढवळायची काचकांडी माझ्या हातात दिली. पट्टी निघाली ती करडी, बिनचमकेची, पण सारखी. सरांनी तिच्यावरून नख फिरवलं. एका कोपऱ्याशी ते थांबले.

"इथं जरा खरखरीत आहे," ते म्हणाले. "पण विषय तुमच्याकडंच राहू द्या."

संध्याकाळी फोनवर आईला सांगितलं की पत्र्यावर जस्त नीट बसलं. तिला फार आनंद झाला. न्हाणीवर घालायला पत्रा घेऊनच ये म्हणाली. तो दोन बोटांएवढाच आहे, हे मला सांगावं लागलं.

ती म्हणाली, "बरं. मग आणिक शीक."