पंचवीस बरोबर, एकोणीस गुण

नंदाताई गेल्याचा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी पाण्याच्या टँकरच्या फेऱ्या मांडत होतो. सातवी फेरी आली की नाही यावर नेहमीची कुरकुर चालली होती, आणि मधेच त्यांच्या मुलाच्या दोन ओळी... त्याला पाच आठवडे झाले. लिहायला बसलो की दमायला होतं.

तुळिंजच्या आमच्या इमारतीत त्या तिसऱ्या मजल्यावर, आम्ही पहिल्या. पुढच्या खोलीत त्या गणिताची शिकवणी घ्यायच्या. दहा-बारा मुलं, सतरंजी, एक फळा. वह्या मात्र त्या तपासत नसत. खिडकीच्या गजाला सुतळीने लाल पेन्सिल बांधलेली असे. मुलांनी आपली उत्तरं फळ्याशी ताडून पाहायची, गुण आपणच द्यायचे आणि कापले तर कारण एका छोट्या डायरीत लिहायचं. त्या डायऱ्या ताईंच्या कपाटातच राहत.

माझी सायली तेव्हा नववीत होती. तिच्या गुणांचा तक्ता मी आमच्या घरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. एकदा तिची शिकवणीची वही पाहिली. घरी सोडवायला दिलेली पंचवीस गणितं, पंचवीस बरोबर, गुण एकोणीस. वही घेऊन वर गेलो.

"ताई, सहा गुणांची बेरीज चुकलीय."

"चुकली नाही. तिनेच कापलेत. तिला विचारा ना."

"तपासायचं काम तिचं की तुमचं?"

"शिकायचं कोणाचं आहे?" मग हसून म्हणाल्या, "बसा, चहा घ्या. तेवढ्यात तुमचा तक्ता पडणार नाही."

मी बसलो नाही. सायलीलाही काही विचारलं नाही. पुढच्याच महिन्यात तिला विरारच्या एका मोठ्या क्लासला घातलं. तिथे दर आठवड्याला छापील आलेख मिळायचा. दहावीला तिला चांगले गुण पडले; ते कशामुळे, हे मला आजही सांगता येणार नाही. नंदाताई जिन्यात भेटल्या की एवढंच विचारायच्या, "स्वतः सोडवते ना?" मी हो म्हणायचो.

मागच्या रविवारी त्यांचा मुलगा घरोघरी डायऱ्या देऊन गेला. सायलीच्या डायरीत त्या सहा गणितांपुढे बारीक अक्षरात एकच कारण होतं, सहा वेळा लिहिलेलं. 'बाबांनी सोडवून दिलं.'

खरंच होतं ते. ती मागे पडू नये म्हणून संध्याकाळी मीच सोडवून द्यायचो आणि तक्त्यात गुण तिच्या नावावर मांडायचो.

सायली आता कॉलेजात आहे. तिला म्हटलं, "तेव्हा बोलली का नाहीस?"

मोबाइलवरून मान वर न करता ती म्हणाली, "तुम्ही ताईंशी भांडून आलात, बाबा. मला कुठे विचारलंत?"

काल सामान हलवायला हात लावावा म्हणून वर गेलो. फळा उतरवून भिंतीशी टेकवला होता. पेन्सिल अजून गजालाच होती. ताईंच्या मुलाने विचारलं, "काका, ही सोडू का?" राहू दे म्हटलं. सवयीने बोटांनी मोजली... चार बोटांएवढी उरली आहे. सायली शिकायला यायची तेव्हा पेन्सिल केवढी होती, ते मी पाहिलंच नव्हतं.