पैऱ्यानं वाचलेलं पुस्तक

सात जणांच्या वर्गात असे किती किस्से घडणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण आमच्या बी.ए. इंग्रजीच्या वर्गातले दोघे जरी कुठे भेटले, तरी एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याला तिसरा आठवतो आणि चहावर साय धरते! एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं, कॉलेज विट्याचं. आणि गंमत म्हणजे सगळ्यात भारी किस्से एकाच पुस्तकाचे.

* * *

पुस्तक अमेरिकन. बारीकसंच. गावोगाव मजुरी करत फिरणारे दोन मित्र, आणि आपली स्वतःची जमीन असावी एवढंच त्यांचं स्वप्न. सरांनी पहिल्या तासाला फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'लोनलीनेस', आणि म्हणाले, "व्याख्या नको. स्वतःच्या शब्दांत सांगा."

मग मागच्या बाकावरून कुंडलचे हवालदार उठले. फौजेतून पेन्शन घेऊन आलेले, वय अडतीस, पण आमच्यासारखेच विद्यार्थी. प्राचार्यसुद्धा त्यांना 'हवालदार'च म्हणायचे. टाचा जुळवून ते म्हणाले, "पोस्टिंग, सर!"

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांचं बिऱ्हाड सांगलीला, इथे खोली घेऊन ते एकटेच राहायचे. "बरोबर आहे. बसा," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात शालन उठली. वर्गातली एकुलती एक मुलगी. "सर, सहा मुलगे आणि एक मुलगी अशा वर्गात बसून बघा!"

त्या दिवसापासून आम्ही तिला आमच्यात डबा खायला बोलवायला लागलो. ती यायची आणि आमचंच लोणचं संपवायची!

* * *

लायब्ररीत पुस्तकाची प्रत एकच. हवालदारांनी लगेच ड्यूटी लावली. प्रत्येकाला चार दिवस. पुस्तक देताना दोघांनी एस.टी. स्टँडवर समोरासमोर उभं राहायचं, पानं तपासायची आणि "ऑल करेक्ट" म्हणायचं. लोकांना वाटायचं, यांचं डोकं फिरलंय.

शालनकडून पुस्तक परत आलं तेव्हा एका पानावर हळदीचं बोट! हवालदारांनी पान उजेडाला धरलं. "ये क्या है?"

"आवं हवालदार, मी आमटी ढवळत वाचत हुते. तुमी कवा आमटी ढवळत वाचलंय का?"

हवालदारांनी पान मिटलं. पण ड्यूटीच्या कागदावर त्यांनी शेरा मारलाच: 'एक पान जखमी.'

* * *

दिनकर, म्हणजे आमचा दिन्या, माझ्याच गावचा. विट्यापासून सायकलच्या टप्प्यात. दुष्काळ नुकताच सरलेला. त्याच्या घरी एक बैल, आमच्या घरी एक बैल. मग पैरा! एक दिवस दोन्ही बैल त्यांच्या रानात, दुसऱ्या दिवशी आमच्या. माणसांचंही तसंच. आज मी तुझ्या कामाला, उद्या तू माझ्या.

एकदा दिन्यानं त्या पुस्तकाची गोष्ट घरी वडलांना सांगितली. तात्या विडी विझवून ऐकत बसले. दोघा मित्रांना जमीन घ्यायचीय, म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "विहिरीला पाणी किती?"

"ते लिवलं न्हाई, तात्या."

"मग घिऊ नगा म्हणावं! टाक पत्र त्यास्नी!"

पुढे आठवडाभर तात्या मला रस्त्यात अडवून विचारायचे, "टाकलं का रं पत्र?"

* * *

आमचंही एक स्वप्न होतं. गावात इंग्रजीचा क्लास काढायचा, दोघांनी मिळून. पोरं इंग्रजीत आपटायची आणि थेट गुरांमागे जायची, ते आम्हाला बघवत नव्हतं. आम्ही इतके उतावीळ, की पास व्हायच्या आधीच पत्र्याचा बोर्ड रंगवून घेतला! वर 'इंग्रजी क्लास', खाली दोघांची नावं.

पेंटर म्हणाला, "नावाम्होरं बी.ए. लिवू का?"

दिन्या म्हणाला, "लिवू नको, पर जागा सोड!"

हा बोर्ड वर्षभर दिन्याच्या आईनं कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून वापरला. वर दगड ठेवून!

* * *

आता आमची खरी हुशारी ऐका. पुस्तकाची ड्यूटी शेवटी आमच्यावर आली. परीक्षा तोंडावर, वाचायचं ढीगभर. दिन्या म्हणाला, "पैऱ्यानं वाचू गड्या! म्होरलं निम्मं तू वाच आन् मला सांग. मागलं निम्मं मी वाचून तुला सांगतो."

बैलांना जमतं ते आम्हाला का जमू नये? मी माझं निम्मं वाचलं आणि बांधावर बसून त्याला नटासारखं करून दाखवलं. मग पुस्तक त्याच्या हातात दिलं. ऑल करेक्ट!

तिसऱ्या दिवशी दिन्याच्या मामाचा सांगावा आला. मामाचं गलाईचं दुकान होतं, सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं, पार मद्रासच्या पुढं. दुकानातला माणूस सोडून गेला होता. पोराला ताबडतोब पाठवा. घरात खायची ओढाताण, तात्यांच्या विहिरीला पाणी नाही. दिन्या नाही म्हणूच शकला नाही.

स्टँडवर तो म्हणाला, "म्होरल्या साली बसतो परीक्षेला. तू पेपर दिऊन टाक." एस.टी. हलली आणि मी मोकळी सायकल धरून उभा राहिलो. मग एकदम आठवलं. पुस्तक त्याच्या ट्रंकेत!

हवालदारांना कळलं तेव्हा ते ओरडले, "रायफल घिऊन पळालं की बेणं!"

* * *

पण पैरा म्हणजे पैरा! परीक्षेच्या चार दिवस आधी दिन्याचं पत्र आलं. गच्च भरलेलं, कडेच्या पट्टीवरही लिहिलेलं. मागल्या निम्म्याची अख्खी गोष्ट. शेवटी दोघा मित्रांना जमीन मिळते, ते घर बांधतात आणि संध्याकाळी दारात बसून एकमेकांकडे बघून हसतात. सरांनी शेवट ज्याचा त्यानं वाचायला ठेवलेला, आणि मी दुसऱ्या कुणाला विचारलंही नाही; ते पत्रच तोंडपाठ केलं.

पेपरला प्रश्न शेवटावरच! मी पुरवणी घेऊन लिहिलं. बाहेर आलो तर शालनचे डोळे ओले. "शेवट लिहिताना मला भरूनच आलं," ती म्हणाली. "तुला?"

"मला पण! आनंदानं!"

ती माझ्याकडे बघतच राहिली.

पायरीवर सर उभे होते. त्यांनी विचारलं, काय लिहिलंस? मी सगळं सांगितलं, दारात बसून हसण्यासकट. सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फार सुंदर शेवट आहे, बाळू. फक्त त्या पुस्तकाचा नाही."

खऱ्या पुस्तकात शेवटी जमीनही नाही आणि जोडीही राहत नाही. मी त्या पेपरात नापास झालो! ऑक्टोबरला पुन्हा बसलो तेव्हा सुटलो. तोवर मनात दिन्याला कितीदा तुडवला असेल, सांगता येत नाही.

* * *

दिन्या आला तो गावच्या यात्रेला. मी तडक त्याच्या घरी गेलो, भांडायलाच. तो खुराड्यापाशी बसला होता. अर्ध्यानं वाळलेला, हाताला भाजल्याचे डाग. त्यानं आधी धुतल्या फडक्यात बांधलेलं पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं.

"वाचलं हुतंस न्हवं पुरं?" मी म्हणालो. "मग मला खोटं का लिवलंस?"

"वाचलं की. दुपारचं दुकान बंद हुतं. तिथं आपली भाषा बोलणारा मामा एकटा, त्यो बी गावाला आल्याला. शेवटचं पान वाचलं आन् तुला लिवायला बसलो. तसं लिवायला हातच हुईना रं."

मी नापास झाल्याचं सांगायचं राहूनच गेलं.

तोच उठला. खुराड्यावरचा दगड बाजूला केला, बोर्ड उचलला, अंगरख्यानं पुसला. कोंबड्या बोंबलत अंगणभर पळाल्या! माझ्या नावापुढं पेंटरकडून बी.ए. लिहून घेतलं, आपल्या नावापुढची जागा तशीच ठेवली. आमच्या ओसरीवर त्यानं स्वतःच्या हातानं चार खिळे मारले आणि लांब जाऊन बघितलं. "तिरका न्हाई न्हवं?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं तो गेला.

सोमवारी क्लास सुरू झाला. अकरा पोरं, तीन पोरी. मी फळ्याकडे वळणार तोच पुढच्या पोरीनं बोर्डाकडं बोट केलं. "सर, ह्ये दुसरं सर कवा येणार?"

मी खडू हातात घेतला.

"पैऱ्याला गेल्यात," म्हणालो.