बबन रडत नाही

लेबर रूममधल्या नर्सला घरी कुणी 'आज काय विशेष?' असं विचारू नये. आमच्या ह्यांनी लग्नानंतर आठवडाभर विचारलं, मग सोडून दिलं, कारण भाजी तीनदा गरम करावी लागायची. वसईतल्या आमच्या प्रसूतिगृहात मला नऊ वर्षं झाली. एक किस्सा काढायला जावं तर चार घरंगळतात!

*

सुरुवात जसिंता सिस्टरपासून. त्या आमच्या इन्चार्ज, इथल्याच वाडीतल्या. रविवारची चर्चमधली मिस्सा चुकवत नाहीत, तशी ही तपासणीही नाही: ड्यूटीवर आल्याआल्या, चहाच्याही आधी, बाळाला श्वास देण्याची पिशवी उचलायची, मास्क आपल्याच तळहातावर धरायचा आणि दाबून बघायची. हाताला हवा लागली की मग सही.

एक नवीन डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, कालच तपासली होती ना?"

"डॉक्टर, श्वास तुम्ही कालही घेतला होता ना?"

डॉक्टरांनी पिशवी उचलून दाबली.

*

मग आला बबन. म्हणजे सरावासाठीचा रबरी बाहुला. त्याचं बारसं आमच्या आयाबाई शेवंतामावशींनी केलं. दुपारी आम्ही डबा उघडला रे उघडला की सिस्टर बबनला कुणाच्याही हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "बाळ रडत नाही." की पळापळ! पुसा, पाठ चोळा, पिशवी लावा आणि सगळ्यांनी मोठ्याने मोजा: दाबा, दोन, तीन. मिनिटाच्या आत पिशवी लागली नाही तर पुन्हा पहिल्यापासून. मनातल्या मनात मी त्या बबनला पुष्कळ शिव्या घातल्यात.

*

एकदा मावशी बबनला टॉवेलात गुंडाळून कपाटाकडे निघाल्या. बाहेर तुळिंजचे एक आजोबा सकाळपासून ताटकळत होते. त्यांनी टॉवेल पाहिला आणि थेट पेढ्यांचा बॉक्स उघडला! मावशींनी आधी पेढा खाल्ला, मग खरं सांगितलं.

दोन तासांनी खरी नात आणून दाखवली, तर आजोबा म्हणाले, "आधी तिला हलू दे."

*

पुढे बाळंतिणीजवळ घरची एक बाई थांबू द्यायची पद्धत सुरू झाली. मी तर विरोधातच होते. नुसत्या पायात पायात येतील! पहिलीच आली ती गोखिवऱ्याची एक आई. लेकीला कळ आली की ही खुर्ची धरून तिच्यापेक्षा मोठ्याने कण्हायची. शेवटी लेकीनेच तिचा हात धरला. "आई, लांब श्वास घे. मी आहे ना."

*

आणि मग कामणची ती सासू. सून कविता, पहिलटकरीण. आदल्या दुपारी सुनेला व्हरांड्यात फिरवताना म्हातारी सारखी आमच्या दारातून डोकावत होती. आत बबनवर आमचा सराव चालला होता, मी काही लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कविताला मुलगा झाला. निळसर, ढिला. रडेना. पुसला, पाठ चोळली, तरी रडेना. आमचे हात थांबले नाहीत. पिशवी जागेवर होती, मास्क बसला, इवलीशी छाती वर आली. जसिंता सिस्टर मोजत होत्या. मधूनच त्या कविताला सांगत होत्या की आम्ही त्याला श्वास देतोय. तिला काही ऐकूच जात नव्हतं. मान उचलून ती एकच विचारत होती, तो रडत का नाही?

तिच्या उशाशी उभ्या सासूने तिच्या कपाळावरून हात फिरवला. "भिऊ नको गो. कालच्या पोराला पन यांनी असंच केलं. मी बगितलंय." आणि आमच्याबरोबर मोजायला लागली. दाबा, दोन, तीन.

पोर रडलं. असं रडलं! मीही रडले, सांगायला लाज कसली? बाळाला कविताच्या छातीवर ठेवलं, वरून दुपटं घातलं.

सासूने पदराने डोळे पुसले आणि मला हळूच विचारलं, "बाय, कालचा तो पोर रडला का गो मागाहून?"

मी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी पिशवी पुसायला घेतली.

शेवंतामावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "रडला. दूध पिऊन झोपलाय."