रेडिओच्या कव्हरावरची म्हैस

आमच्या मुलीने काढलेल्या म्हशीचा पाय मी आकसाने कापला, ही कथा माझे मेहुणे गेली चाळीस वर्षे लग्नाच्या प्रत्येक पंगतीत सांगत आले आहेत. त्या दिवशी ते महाडात नव्हतेच. माझ्या पत्नीने त्या कथेला दोन दिवसांचा उपास जोडला. मी एका वेळचे जेवलो नाही, आणि तो सोमवार होता. मला मत्सर वाटला नाही असा दावा मी कधीही केलेला नाही. वाटला, आणि पुष्कळ वाटला. परंतु ज्याने तो भोगला, त्याचा तपशील सांगण्याचा पहिला अधिकार त्याचा, एवढेच माझे म्हणणे आहे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी महाडच्या मोजणी कार्यालयात नकाशे उतरवण्याचे काम करीत असे. शिवथरपासून कापड्यापर्यंतचे बांध, ओहोळ आणि पायवाटा मी शाईने काढल्या, आणि माझी रेघ थरथरली असे एकाही साहेबाला म्हणता आले नाही. बिघडलेल्या नकाशांचे कागद मी परवानगीने घरी आणीत असे. त्यांना छपाईच्या अमोनियाचा उग्र वास येई, पण मागची बाजू कोरी असे, आणि तिच्यावर माझी सहा वर्षांची मुलगी चित्रे काढी. तेव्हा कागद माझा, पेन्सिल माझी आणि मुलगीही माझी, हे प्रथम नोंदवून ठेवतो.

भिंतीपलीकडच्या खोलीत प्राथमिक शाळेतल्या एक शिक्षिका एकट्या राहत. सगळी आळी त्यांना नुसते ‘बाई’ म्हणे. दिवाळीत कापड्याला आजोळी जाऊन आल्यावर मुलीने आजीची म्हैस काढली आणि मला दाखवली. मी ‘छान’ म्हटले आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोके घातले. या एका गोष्टीबद्दल मला कोणी कधी दोष दिला नाही. दिला असता तर मी तो मान्य केला असता. मुलगी ते चित्र घेऊन बाईंकडे गेली. बाईंनी कार्बन कागद लावून ते मांजरपाटावर उतरवले आणि मूळ कागद परत पाठवला.

पंधरा दिवसांनी बाईंच्या रेडिओवर नवे कव्हर आले. पांढऱ्या कापडावर काळ्या दोऱ्याने साखळीटाक्यात भरलेली म्हैस. एक शिंग लांब, दुसरे तोकडे, पोट रांजणासारखे आणि पाय पाच. आळीतल्या बायका ओळीने बघून जात होत्या. मी गेलो तेव्हा मुलगी बाईंच्या मांडीवर बसून सर्वांना सांगत होती, “माझी म्हैस! मी काढली, बाईंनी भरली.”

“पाच पाय?” मी विचारले.

“तिने काढले, मी टाके घातले,” बाई हसून म्हणाल्या. “दुरुस्त्या करणारी मी कोण?”

हा टोमणा होता. पत्नी आजही म्हणते, नव्हता. मी समोर उभा होतो, ती चुलीपाशी होती.

पुढच्या रविवारी मी मूळ चित्र काढून बसलो. कार्बनसाठी फिरवलेल्या पेन्सिलीने त्यावर खोल चरे पडले होते. त्यांवरून मी शाई फिरवली. दोन्ही शिंगे वक्रपट्टीने सारखी केली, पाठीची रेघ सरळ केली आणि पाचवा पाय खोडरबराने पुसून टाकला. दिवसाचे पाच तास गेले. दोन दिवसांनी बाजारपेठेत देवांच्या तसबिरी करणाऱ्याकडून काच आणि चौकट आणली, आणि बाईंकडे जाणाऱ्याला आधी आमची म्हैस दिसावी अशा बेताने ती दाराजवळ टांगली. हेतू लपवीत नाही. बाईंपेक्षा माझी म्हैस सरस ठरावी आणि मुलीने ती माझ्या मांडीवर बसून दाखवावी, एवढाच हेतू होता.

शाळेतून आल्यावर मुलगी त्या तसबिरीपुढे उभी राहिली.

“अण्णा, ही कोणाची?”

“तुझीच की.”

“नाही. माझ्या म्हशीला रेडकू आहे.”

“चित्रात रेडकू कुठे होते?”

“म्हशीच्या मागे लपलं होतं. त्याचा एक पाय दिसत होता ना! बाईंना माहीत आहे. त्यांनी विचारलं होतं.”

ती रडली नाही. दप्तर ठेवून पलीकडच्या खोलीत गेली. रडली असती तर मला सोपे गेले असते.

पुढच्या सोमवारी सासूबाई कापड्याहून बाजाराला आल्या. नातीने त्यांना आधी रेडिओपाशी नेले. त्यांचा आवाज भिंतीतून स्पष्ट ऐकू आला. “अगो बाय, ही तं आमचीच म्हस हाय! मोडक्या शिंगाची! आन् पाठी रेडकू उभा हाय!” मग आमच्या दारात येऊन त्यांनी माझी तसबीर बराच वेळ न्याहाळली आणि अत्यंत आदराने विचारले, “जावयबापू, ही कुनाची म्हस म्हनायची?”

पत्नीने पदर तोंडाशी धरला. त्या रात्री मी जेवलो नाही.

आता पाय कापल्याचा आरोप. मी रेडकाचा पाय पुसला हे खरे, पण रेडकू तिथे आहे हे मला माहीत नव्हते. मेहुणे म्हणतात, माहीत असूनही पुसला. त्यांचे म्हणणे खरे असते तर मी निदान दुष्ट ठरलो असतो. मी केवळ विचारले नव्हते, आणि हे सांगायला अधिक लाज वाटते.

त्यानंतर मुलगी माझ्याकडून कागद घेई आणि थेट बाईंकडे जाई. बाईंच्या खोलीत एकेक वस्तू वाढू लागली. अभ्र्यावर मासे आले, पडद्याच्या काठावर कोंबड्यांची रांग आली, पाटावरच्या आसनावर एसटीची गाडी आली. माझ्या मुलीच्या चित्रांनी त्यांचे घर सजत होते आणि माझ्या भिंतीवर कोणाची तरी म्हैस उभी होती. संध्याकाळी पलीकडून बाईंचा प्रश्न ऐकू येई, “हे काय गं?” आणि मग मुलीचे लांबलचक उत्तर, ज्यातला निम्मा भाग मला कळत नसे. मी भिंतीला कान लावीत असे, ही पत्नीची तक्रार मात्र संपूर्ण खरी आहे.

शिमग्याच्या सुमारास मी तसबीर उतरवली, मागचे खिळे काढले आणि रिकामी चौकट मुलीपुढे ठेवली.

“यात तुला हवे ते घाल,” मी म्हणालो.

तिने चौकट उलटून पाहिली. “तुम्ही शाई लावाल.”

“नाही लावणार.”

“रबर?”

“नाही.”

“नुसती काच लावायची.”

“नुसती काच.”

तिने बाईंकडे न नेलेला एक कागद गादीखालून काढला. त्यावर तीन गोल होते, एक आडवी रेघ आणि कोपऱ्यात काट्यांसारखे काही तरी. माझा हात पुढे गेला. तिने झटकन दोन्ही तळवे कागदावर ठेवले.

“हे काय आहे?” मी विचारले. जन्मात पहिल्यांदाच विचारत होतो, त्यामुळे आवाज साहेबासारखा निघाला.

“आधी काच लावा. मग सांगते.”

मी काच टेकवेपर्यंत तिने तळवे काढले नाहीत. चारही खिळे बसल्यावर तिने ते हलवून पाहिले, माझ्या मांडीवर चढली आणि कानात सांगितले. तिने काय सांगितले, ते बाईंना ठाऊक नाही.