स्क्रिप्टला दुबईची दुपार शिकवली

परवा दुबईत, करामा भागातल्या आमच्या ऑफिसात भर दुपारी माझी चांगलीच फजिती झाली...

मी एसी मेंटेनन्स कंपनीत आहे. बिल्डिंगमधून कंप्लेंट आली की एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम, ती टेक्निशियनच्या मोबाईलवर पाठवते. स्क्रिप्ट आधीच्या माणसाने लिहिलेली, सांभाळतो मी. बारावी अर्धवट राहिली, त्यामुळे एक ओळ बदलायची तरी दहादा वाचतो.

उन्हाळ्यात गच्चीवर काम करणाऱ्यांना साडेबारा ते तीन सुट्टी असते, तसा नियमच आहे. पण मेसेज थांबत नव्हते. आमचे सावंतकाका, मूळचे मालवणचे, पहाटे चारला उठतात. म्हणाले, दुपारी जरा पाठ टेकली की हा मोबाईल वाजतो आणि मग उन्हात शिडीवर गरगरतं.

ते ऐकल्यापासून मलाच झोप लागेना...

दुपारचे मेसेज अडवू का, मॅनेजरना विचारलं. ते केरळचे, आमचं बोलणं हिंदीत. म्हणाले, "एक दिन देखेंगे. गड़बड़ हुआ तो पुराना वापस."

मग स्क्रिप्टमध्ये अट घातली. साडेबारा ते तीन मेसेज धरून ठेव, तीन वाजले की सोड. फक्त पाणीगळती असेल तर लगेच पाठव. शब्दन् शब्द तपासला आणि चालू केली.

दुपारी दीड वाजता सगळ्यांचे फोन एकदम वाजले! अडवलेले सगळे मेसेज ऐन झोपेत सुटले. लगेच काकांचा फोन. "झिला, आधी एकेक येय होतो... आज वरातच इली."

कोड पुन्हा वाचला, चूक कुठेच नाही. मग नजर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर गेली... तीन वाजून गेले होते.

आमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ भारताच्या वेळेवर आहे. घरी फोन करायला सोपं पडतं म्हणून कुणी तरी कधी तरी लावलेलं. आम्ही सगळे त्यातून मनातल्या मनात दीड तास वजा करतो, इतकी सवय की लक्षातही येत नाही. स्क्रिप्टला ती सवय कुठून असणार?

घड्याळाला हात लावला नाही, सगळ्यांची घरं त्यावर चालतात. स्क्रिप्टलाच सांगितलं, वेळ दुबईची बघ. मॅनेजरना कारण दाखवलं. ते आधी हसले, मग त्यांनीही स्वतःचं मनगटावरचं घड्याळ कुठल्या वेळेवर आहे ते बघितलं... आणि अजून एक दिवस दिला.

काल दीड वाजला. मी जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही. दोन वाजले, अडीच... कुणाचाच फोन नाही. तीनला मेसेज सुटले आणि पाठोपाठ काकांचा आवाज आला, "झिला, आज डोळो लागलो."

आईला लगेच कळवलं, माझ्यामुळे आज सगळी माणसं झोपली. ती घाबरून म्हणाली, "अरे, काय केलंस तू?"

तिला नीट समजावता आलं नाही... पण खरंच सांगतो, आजवर केलेल्या कुठल्याही कामाचा इतका अभिमान वाटला नव्हता.